थोडक्या पैशांचे इंजिन



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका सायंकाळी आमच्या धर्मग्रामातील एक तेरा वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. तो मेजावर ठेवून त्याने विचारले, "फादर, यात चार हजार सहाशे रुपये आहेत. एवढ्यात इंजिन येईल का?"

इंजिन म्हणजे नमुन्याच्या आगगाडीचे इंजिन, विजेवर रुळांवरून धावणारे. काजूच्या दोन हंगामांत बिया वेचून त्याने ही रक्कम जमविली होती. खानापूर तालुक्यात लोंढ्याच्या बाजूला रेल्वेमार्गाच्या कडेने जी घरे आहेत, त्यांतलेच त्याचे घर. आजोबांनी जवळजवळ चाळीस वर्षे रेल्वेत फिटरचे काम केलेले. गावातून गोव्यास राहावयास गेलेल्या एका कुटुंबाने जाताना या मुलाला एक खोके दिले होते. त्यात लंबवर्तुळ होईल इतके रूळ, वेग कमीजास्त करणारा कंट्रोलर आणि मालगाडीचे दोन डबे होते. इंजिन मात्र पूर्वीच पडून फुटले होते.

"घाई कसली?" असे आम्ही विचारले, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबांना आता दिवसेंदिवस कमी दिसते. त्यांना दिसते आहे तोवर गाडी फिरायला हवी."

धर्मगुरूने खेळण्यांच्या खरेदीत कशाला पडावे, असे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. त्यास आमचे उत्तर असे की, ज्या मुलाने दोन वर्षे पै-पै साठविली, त्याच्या पैशाचे चीज व्हावे ही जबाबदारी वडीलधाऱ्यांची आहे. श्रीमंताने चुकीची वस्तू घेतली तर तो दुसरी घेतो. गरिबाची पहिली खरेदी हीच बहुधा शेवटची असते. म्हणून थोडक्या पैशांत खरेदी करणाऱ्यास ज्ञान अधिक लागते. हे आम्हांस त्या वेळी कळले नव्हते, आणि त्याचा दंड कोणी भरला ते आता सांगतो.

आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने दूरध्वनीच्या पडद्यावर शोध घेतला. नवी इंजिने पाहून छाती दडपली. ती कित्येक हजारांच्या घरात होती. तेवढ्यात एका ठिकाणी काळेभोर, चकचकीत, अमेरिकी घाटाचे डिझेल इंजिन १,८०० रुपयांस दिसले. रूळ जुळतात एवढे पाहून आम्ही ते मागविले. आठ दिवसांत इंजिन आले. मुलाने ते रुळांवर ठेवले, कंट्रोलरची खुंटी फिरविली. इंजिन जागचे हलले नाही. आजोबांनी ते उचलले, उलटे करून डोळ्यांजवळ नेले, चाके अंगठ्याने फिरविली आणि शांतपणे म्हणाले, "फादर, हिच्या पोटात काहीच नाही. मोटर नाही, दातेरी चाक नाही. नुसते खोके आहे."

आम्ही जाहिरात पुन्हा वाचली. 'डमी' हा शब्द तेथे स्पष्ट लिहिलेला होता. अमेरिकेत लांब मालगाड्यांना दोन-दोन, तीन-तीन डिझेल इंजिने जोडतात. नमुन्याची गाडी चालविणारे हौशी लोक त्यांपैकी एकातच मोटर ठेवतात आणि बाकीची बिनमोटरीची, स्वस्त इंजिने शोभेसाठी जोडतात. त्यांना डमी म्हणतात. विकणाऱ्याने फसविले नव्हते. आम्हीच नीट वाचले नव्हते. मुलगा काही बोलला नाही. त्याचे ते न बोलणे आम्हांस फार लागले.

१,८०० रुपये आम्ही आमच्याजवळचे त्यास देऊ केले. त्याने ९०० घेतले आणि म्हणाला, "निम्मी चूक माझी. मी पण वाचले नाही." आता डब्यात ३,७०० रुपये होते. त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा विद्यार्थ्यासारखा अभ्यास केला. जे शिकलो ते येथे मांडतो, कारण नाताळच्या तोंडावर अशी मागणी अनेक घरांतून होते.

पहिला प्रश्न रुळांचा. रुळाच्या दोन पात्यांमधील अंतर आतून आतून मोजावे. ते १६.५ मिलिमीटर भरले तर त्यावर दोन मापांची इंजिने चालतात. इंग्लंडातील नमुने खऱ्या गाडीच्या ७६ पट लहान असतात, त्या मापाला 'ओओ' म्हणतात. युरोप-अमेरिकेतील नमुने ८७ पट लहान असतात, त्यास 'एचओ' म्हणतात. दोहोंचे रूळ एकच. अंतर ९ मिलिमीटर असेल तर ते 'एन' माप, आणि ३२ असेल तर 'ओ' माप. एका मापाचे इंजिन दुसऱ्यावर चालत नाही. मुलांची बॅटरीवरची जी प्लॅस्टिकची गाडी बाजारात मिळते, तिची वीज इंजिनाच्या पोटातील सेलांतून येते. ती लहान मुलांसाठी उत्तम, परंतु अशा रुळांच्या कामाची नव्हे.

दुसरा प्रश्न विजेचा. आमच्या मुलाकडील कंट्रोलर साध्या पद्धतीचा होता. तो घरातील वीज उतरवून रुळांत जास्तीत जास्त १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह सोडतो. व्होल्ट वाढविले की वेग वाढतो, प्रवाहाची दिशा उलटली की गाडी मागे जाते. अलीकडे 'डिजिटल' पद्धत निघाली आहे. तीत प्रत्येक इंजिनात एक लहान यंत्र असते आणि एकाच रुळावर अनेक इंजिने स्वतंत्रपणे चालविता येतात. ज्याच्याकडे एकच इंजिन आणि साधा कंट्रोलर आहे, त्याने त्या यंत्राचे पैसे देऊ नयेत. 'डिजिटलसाठी तयार' असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ केवळ जागा ठेवली आहे, यंत्र बसविलेले नाही, हेही ध्यानात असावे. जर्मनीतील मार्क्लिन कंपनीची 'एचओ' मापाची तीन-वाहक पद्धत तर वेगळीच आहे. तेथे मधल्या खिळ्यांच्या रांगेतून वीज घेतात. ती इंजिने साध्या दोन-वाहक रुळांवर चालत नाहीत, मग कितीही स्वस्त मिळोत.

तिसरा प्रश्न वळणाचा. आमच्या मुलाच्या रुळांचे वळण सर्वांत आवळ प्रकारचे होते, त्रिज्या ३७१ मिलिमीटर. लांब, अनेक चाकांची इंजिने अशा वळणावर अडतात. त्यांस निदान ४३८ मिलिमीटरचे वळण लागते. म्हणून लहान घरात लहान इंजिनच शोभते, आणि लहान इंजिन बहुधा स्वस्तही असते.

चौथा प्रश्न कपलिंगचा. इंग्लंड, अमेरिका आणि युरोप येथील कपलिंगची तऱ्हा निराळी असते. डबे ज्या तऱ्हेचे, इंजिनही त्याच तऱ्हेचे असावे. नाही तर इंजिन एकटेच पुढे निघून जाते. आणि पाचवा प्रश्न, जो आम्ही विचारला नाही: पोटात मोटर आहे काय?

या पाच प्रश्नांची उत्तरे हाती आल्यावर मगच किमतीकडे पाहावे. आम्ही उलट केले होते.

थोडक्या पैशांची ही अडचण आजची नव्हे. फ्रँक हॉर्न्बी या इंग्रज गृहस्थांनी १९२० मध्ये चावीच्या आगगाड्या बाजारात आणल्या, त्या 'ओ' मापाच्या होत्या. त्यांना जागा आणि पैसा दोन्ही अधिक लागे. १९३८ मध्ये त्यांच्या कंपनीने जवळजवळ निम्म्या आकाराची गाडी काढली, तेव्हा ती सामान्य घरातील मेजावर मावू लागली. ज्यांना तीही परवडत नव्हती, त्यांची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. विल्बर्ट ऑड्री हे इंग्लंडातील अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू. आपला मुलगा ख्रिस्तोफर गोवराने आजारी असताना त्यांनी त्यास इंजिनांच्या गोष्टी रचून सांगितल्या. १९४५ मध्ये त्या पुस्तकरूपाने निघाल्या. महायुद्धामुळे खेळणी दुर्मीळ होती. त्यांनी झाडूचा दांडा आणि लाकडाचे तुकडे यांतून मुलासाठी इंजिन व डबे बनविले. मुलाला गोष्टीतील मोठे इंजिन हवे होते, ते जमणे कठीण, म्हणून वडिलांनी एक लहान टाकीचे इंजिन बनविले. त्याचे नाव थॉमस. आज जगभरची मुले ज्या थॉमसला ओळखतात तो मोठ्या इंजिनाची ऐपत नसल्यामुळे जन्मास आला. ज्या घरी काहीच रक्कम नाही, तेथे सुतारकाम जाणणाऱ्या बापाने हा मार्ग मनात ठेवावा.

आमच्या मुलापाशी ३,७०० रुपये होते. नवे परदेशी इंजिन त्यात बसणे शक्य नव्हते. केवळ मूळ किंमत पाहून भागत नाही. आपल्या देशात खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के करण्यात आले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. लहान प्रमाणातील नमुनेही त्याच वर्गात मोडतात. त्यावर टपालखर्च निराळा. म्हणून बाहेरून मागविताना त्या दिवशीचा शुल्काचा दर, कर आणि टपाल हे सर्व धरून एकच आकडा काढावा, आणि तो पाहूनच होय किंवा नाही म्हणावे. देशातल्या देशात एखाद्या हौशी माणसाने वापरलेले इंजिन मिळाल्यास पहिली पसंती त्यासच द्यावी.

येथे आम्हांस नातेसंबंधांचा उपयोग झाला. मुलाची आत्या गोव्यास दिलेली. ती आणि तिचे यजमान काही वर्षांपासून इंग्लंडात स्विंडन येथे नोकरीस आहेत. गोव्यातील पुष्कळ कुटुंबे आज त्या गावी राहतात, हे वाचकांस ठाऊक असेलच. परंतु स्विंडन हे मुळात रेल्वेचे गाव. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इंजिनांचा कारखाना तेथे १८४३ पासून १९८६ पर्यंत चालू होता. या रेल्वेने एका जातीची सहा चाकांची लहान इंजिने १९२९ पासून पुढे बनविली व बनवून घेतली, त्यांची संख्या ८६३ भरली. त्यांच्या पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही अंगांस लटकतात, जशा घोड्याच्या पाठीवर दोन बाजूंस गोणी लटकाव्यात. खरी इंजिने इतकी असल्यामुळे त्यांचे नमुनेही वर्षानुवर्षे अमाप निघाले.

जी वस्तू अमाप निघाली ती जुनी झाल्यावर स्वस्त मिळते. संग्रह करणारे लोक दुर्मीळ नमुन्यास आणि न उघडलेल्या खोक्यास पैसे देतात. ज्यास गाडी चालवावयाची आहे त्याने खोक्याचे पैसे देऊ नयेत. एखादी पायरी तुटलेली, रंग थोडा खरचटलेला, खोके हरवलेले, पण चालणारे इंजिन, हे गरिबाचे इंजिन. रंग खरचटल्याने वेग कमी होत नाही.

आम्ही आत्याबाईंस पत्र लिहिले आणि आजोबांनी सांगितलेल्या परीक्षा त्यात क्रमाने उतरविल्या. त्या अशा. इंजिन दोन्ही दिशांनी रुळावर चालवून पाहावे. विकणाऱ्याकडे रूळ नसतील तर नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन टोके दोन्ही बाजूंच्या चाकांस तारेने टेकवावीत, मोटर फिरली पाहिजे. मोटर फिरते पण चाक फिरत नाही, तर दातेरी चाक फुटले असे समजून परत ठेवावे. जळका वास आला तर घेऊ नये. खालचा धातूचा सांगाडा पाहावा. फार जुन्या काही नमुन्यांत जस्ताच्या मिश्रणात भेसळ राहिल्यामुळे धातू फुगतो, तडकतो, आणि त्यावर उपाय नाही. इंजिन हातात जड लागले पाहिजे.

या शेवटच्या गोष्टीवर आजोबा विशेष भर देत होते. कॅसलरॉकच्या घाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे. तेथे गाडीला मागूनही इंजिन लावावे लागते. ते म्हणाले, "चाकावर वजन नसेल तर इंजिन जागच्या जागी चाके फिरवते, फादर. घाटात असो की मेजावर, नियम एकच." सहाही चाके फिरणाऱ्या इंजिनाचे सारे वजन ओढण्याच्या कामी येते, म्हणूनही आम्ही ती जात निवडली होती.

पत्रानंतर सहा आठवडे काही कळले नाही. मुलगा दर रविवारी आमच्याकडे पाही आणि आम्ही मान हलवू. आत्याबाईंनी दोन इंजिने पाहून नाकारली होती. एक तडकलेले, दुसरे नुसतेच गुणगुणणारे. तिसरे त्यांनी २८ पौंडांस घेतले, म्हणजे आपल्याकडील सुमारे ३,३०० रुपये. नाताळच्या रजेत येताना त्यांनी ते दोन लोकरी मोज्यांत गुंडाळून सामानातून आणले, त्यामुळे टपालाचा खर्चही वाचला. हिरव्या रंगाचे, एका बाजूस खरचटलेले, खोके नसलेले.

त्या रात्री इंजिन चालले, पण आचके देत. दोन हात धावे आणि थबके. मुलाचा चेहरा उतरला. आम्हांसही वाटले, पुन्हा फसलो. आजोबांनी मात्र हात वर करून सर्वांस गप्प केले. ते पाहत नव्हते, ऐकत होते. "मोटर चांगली आहे," ते म्हणाले, "वीज पोहोचत नाही."

मग मेजावर पांढरा पंचा अंथरला गेला. आजोबांनी इंजिन उलटे केले. चाकांच्या कण्याभोवती गालिच्याचे धागे आणि केस गुंडाळलेले त्यांच्या बोटांना लागले. डोळ्यांना ते दिसले नसते. मुलाने चिमट्याने एकेक काढला. चाकांच्या धावांवर साचलेला काळा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेल्या सुती चिंधीने पुसला, रूळही पुसले. चाकांवरून वीज घेणाऱ्या पितळी पट्ट्यांपैकी एक चाकापासून दूर गेली होती, ती नखाने किंचित आत वळविली. तेल आजोबांनी सुईच्या टोकाने दिले, एका कण्यास एक थेंब. "जास्त तेल म्हणजे जास्त धूळ," असे ते नातवास सांगत होते. जुन्या इंजिनांचे निम्मे आजार हे एवढेच असतात, आणि बाजारात 'बिघडलेले' म्हणून स्वस्तात सुटणारी कित्येक इंजिने केवळ मळलेली असतात. तथापि ज्या घरी असा हात नाही, त्याने बिघडलेले घेऊ नये, हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे.

सारे जोडून कंट्रोलर फिरविला. इंजिन दोन डबे घेऊन निघाले आणि वळण घेऊन परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. आजोबा खुर्ची मेजाला टेकवून बसले. दिवा जवळ घेतला होता तरी त्यांना कितीसे दिसत होते ते आम्ही विचारले नाही. सांध्यावरून चाके जाताना टक-टक असा आवाज येत होता. थोड्या वेळाने ते नातवास म्हणाले, "थोडे हळू कर. स्टेशन आले की हळू करतात." मुलाने हळू केले.

हिशेब पुरा करतो. इंजिन ३,३०० रुपये, अल्कोहोल आणि तेल २२०. डब्यात १८० रुपये उरले. कोणाकडून उसने घेतले नाही. काळे डमी इंजिन रुळाच्या एका तुटक्या तुकड्यावर शेडमध्ये उभे आहे. त्याचे कपलिंगही डब्यांना बसत नाही. मुलगा म्हणतो, ते दुरुस्तीस आले आहे. आमच्याकडे पाहून तो हसतो, आणि आम्ही ते हसणे मुकाट्याने स्वीकारतो.

ज्या पालकांना या नाताळास अशी खरेदी करावयाची असेल, त्यांनी जमल्यास प्रथम एखादी चालती गाडी पाहावी. पुण्यास कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. मुलाला काय हवे आहे हे पैसे मोडण्यापूर्वी पाहून कळते. मग रूळ मोजावेत, कंट्रोलर पाहावा, वळण पाहावे, कपलिंग पाहावे, मोटर आहे काय ते विचारावे. आणि जाहिरात शेवटच्या शब्दापर्यंत वाचावी, विशेषतः सल्ला देणारा गृहस्थ स्वतःस जाणकार समजत असेल तर.